एक रेघ, बाजूला सही

हर्षाली ओट्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तापाच्या औषधाची छोटी पिचकारी तिनं डोळ्यांच्या रेषेत धरली. औषधाचा गुलाबी काठ मधोमध किंचित खोलगट दिसत होता. त्या खोलगट भागाचा तळ साडेचारच्या खुणेला टेकायला हवा होता आणि तो वर होता, एका थेंबानं. तिनं तो थेंब बशीत सोडला, पुन्हा बघितलं, मगच उठली.

"झालं का मोजून?" दारात बूट चढवत जीवन म्हणाला. "औषध द्यायचंय तिला, सोनं नाही तोलायचं."

"सोनं चुकलं तर पैसे जातात," एवढंच ती म्हणाली.

जीवन सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे त्याचं रोजचं काम. पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की त्याचं सगळं अंदाजपंचे. चहात साखर अंदाजानं, घरी यायची वेळ अंदाजानं, आणि मैना बोलेल, तेही अंदाजानंच. "बोलेल गं. माझी पोरगी आहे, एकदा सुरू झाली की थांबणार नाही," असं तो गेले सहा महिने म्हणत होता.

मैना चटईवर बसून डब्यांची झाकणं एकात एक घालत होती. जीवनच्या आजीचं नाव तिला ठेवलं होतं. चौदा डिसेंबरला दोन वर्षांची होईल, म्हणजे आता बावीस महिने आणि वर काही दिवस. बोट दाखवायची, हाक मारली की वळून बघायची, कुकरची शिट्टी झाली की हात वर करायची. बोलायची मात्र नाही. एक शब्द नाही. कानांची तपासणी झाली होती, कान चांगले होते.

"उद्या दहाला डॉक्टर," हेल्मेट उचलत जीवन म्हणाला. "शिफ्ट दुसरीच आहे, येतो मी बरोबर. तो कागद भरलास?"

"भरतेय."

"चार दिवस भरतेयस. काय एवढं त्यात? पोरगी बोलत नाही, बास. एका ओळीत होतंय."

तो गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि श्रमिकनगरच्या गल्लीत दूर होत विरला. हर्षालीनं मैनाला मांडीवर आडवं घेतलं, गालाच्या आतल्या बाजूनं औषध सोडलं, एक थेंबही बाहेर येऊ दिला नाही. मग फ्रिजवर ठेवलेल्या कागदाकडे बघितलं. डॉक्टरांनी दिलेले चौदा प्रश्न. तेरा भरून झाले होते.

अकरावा कोरा होता.

*

"काय म्हनतंय तुझं समुद्रवालं?"

सासूबाई मेथीची जुडी सोडून बसल्या होत्या. कमळाबाईंचं सगळं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात फुलांमध्ये गेलं. आता मळा थोरला मुलगा बघायचा आणि मैना झाल्यापासून त्या इथं, या दोन खोल्यांत असायच्या. दिवाळीला शेवंती चांगल्या भावानं गेली म्हणून परवा मळ्यातून भाजीची अख्खी पिशवी आली होती. फोन दोनदा वाजलेला त्यांनी ऐकला होता.

"ऑफिसचा मेसेज आहे, आई. चार वाजता मॅडमचा फोन येणार आहे."

"काम दिऊन राह्यल्या का?"

"बघू."

फोनवर निकिताचा मेसेज होता. निकिता संस्थेतली नवी मुलगी. हर्षालीनं तिला प्रत्यक्ष कधी पाहिलंही नव्हतं.

*ताई, गुड न्यूज! एकोणिसाव्या स्टेशनपासून वरच्या पाण्यातला कार्बन एकदम तीसनं चढलाय. अल्कलिनिटी तशीच. मॅडम म्हणतात, पुढच्या वर्षी जहाज पुन्हा त्याच पट्ट्यात न्यायचं. सँपलिंगची वही तुमचीच ना? फक्त एकदा कन्फर्म करा, म्हणजे पेपर सोमवारी पाठवू. तुमचं नाव तिसरं आहे!*

खाली वहीच्या पानाचा फोटो. डावीकडे स्टेशनांचे आकडे, एक ते एकोणतीस. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात निळ्या शाईच्या खुणा, एकाखाली एक, एकसारख्या. हर्षालीनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. एकोणिसाव्या खुणेशी थांबली. अठराव्यासारखीच होती ती. हात थरथरला असेल असं तिला कायम वाटायचं. पण नव्हता थरथरला.

"समुद्रात कसलं आलंय टेशन?" कमळाबाईंनी एकदा विचारलं होतं. "मनमाडासारखं? चा-वडेवाले येत्यात का तिथं?"

तेव्हा हर्षाली हसली होती आणि समजावून सांगितलं होतं. जहाज ज्या ज्या जागी थांबून पाणी घेतं, ती जागा म्हणजे स्टेशन. तिथं काहीच नसतं, आई. चारी बाजूंनी पाणी. दोरावरून मोठ्या बाटल्या खाली जातात, हजार मीटर, दोन हजार मीटर, आणि प्रत्येक खोलीवरचं पाणी घेऊन वर येतात. मग ते पाणी छोट्या बाटल्यांत भरायचं. हवेतला कार्बन समुद्र पोटात घेतो. किती घेतलाय ते मोजायचं आणि पचवायची ताकद किती उरलीय तेही मोजायचं. त्या ताकदीला अल्कलिनिटी म्हणतात.

"म्हंजे समुद्राला अजीर्न झालंय का बघायचं," कमळाबाई म्हणाल्या होत्या.

इतक्या नेमक्या शब्दांत तिच्या एम.एस्सी.च्या सरांनाही सांगता आलं नसतं.

*

तिचं समुद्रावर जाणंच मुळात घरादाराला न पटणारं होतं. नाशिकची पोरगी, केमिस्ट्री शिकलेली. सातपूरला नाहीतर अंबडला एखाद्या लॅबमध्ये लागायचं, डबा घेऊन जायचं, सहाला घरी यायचं. तिनं अर्ज केला तो किनाऱ्यावरच्या एका संस्थेत. लग्नानंतरही जीवननं जाऊ दिलं, हे त्याचं मोठेपणच. "माझी बायको जहाजावर असते," असं तो कँटीनमध्ये सांगायचा.

केरकर मॅडमनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात वही दिली होती. "हिच्यात खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची. एकच. आधीचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही, तारीख. चूक सगळ्यांची होते. लपवलेली चूक मात्र पाण्याच्या आकड्यात जाऊन बसते आणि मग तो समुद्र होतो."

दुसरा धडा बाटली भरण्याचा. नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी दोनदा भरून वाहू द्यायचं. मग थोडं काढून टाकून विष घालायचं. पाऱ्याचं विष, एक अगदी बारीक माप. कारण पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि नमुने किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये लागेपर्यंत महिने जातात. ते जीव मारले नाहीत तर बंद बाटलीत, अंधाऱ्या खोक्यात ते श्वास घेत राहतात. मग बाटली उघडाल तेव्हा आत जो कार्बन सापडतो तो समुद्राचा नसतो, त्यांच्या श्वासाचा असतो. विष घातलं की झाकणाला ग्रीस, वर क्लिप आणि वहीत खूण.

त्या वर्षी पाडव्याला ती आठवडाभर घरी आली होती. एप्रिलच्या दोन तारखेला जहाज निघालं.

अठराव्या स्टेशनला तिला उलटी झाली. समुद्र तव्यासारखा सपाट होता. एप्रिलमध्ये असतोच. जहाजावरचा स्वयंपाकी हसून म्हणालासुद्धा, "मॅडम, आज तर जहाज हलतही नाही!" सिंकच्या वर कॅलेंडर टांगलं होतं. तोंड धुता धुता तिची नजर त्यावर गेली आणि तिनं दिवस मोजले. पुन्हा मोजले. मोजण्यात तिची चूक होत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणिसावं स्टेशन आलं. बारा बाटल्या भरल्या. हातमोजे घातले, विषाची बाटली उघडली, मापाची नळी उचलली. आणि ठेवून दिली.

कोणाला सांगितलं असतं, तर दुसऱ्या कोणी ते काम केलं असतं. दोन मिनिटांची गोष्ट. पण जहाजावर अठ्ठेचाळीस माणसं होती आणि त्यांतली बहुतेक तिला महिनाभरापूर्वी माहीतही नव्हती. नवऱ्याला कळायच्या आधी त्यांना कसं सांगायचं? फोन लागत नव्हता. किनारा सहाशे किलोमीटरवर होता. तिनं बाराही झाकणांना ग्रीस लावलं, क्लिपा बसवल्या, खोक्यात ठेवल्या. मग वही ओढली आणि रकान्यात खूण केली.

विसाव्याला तसंच. एकविसाव्याला तर हात आपणहून चालला. अकरा स्टेशनं, एकशे बत्तीस बाटल्या.

कोणाला कळलं नाही. परत आल्यावर दोन महिन्यांत तिनं काम सोडलं. नमुने पुढे लॅबमध्ये लागले, आकडे निघाले, फायलीत बसले. मैना झाली. गोरी, गुटगुटीत, रात्रभर झोपणारी. हर्षाली त्या अकरा स्टेशनांना जवळजवळ विसरली होती.

पण बाकीच्या अठरांना विसरली नाही. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. दोनशे सोळा वेळा ती नळी तिनं हातात धरली होती, पोटात मैना असताना. हातमोजे होते, मास्क होता, माप एवढंसं होतं. हे सगळं तिला पाठ होतं. आणि हेही पाठ होतं की सातव्या स्टेशनला डाव्या अंगठ्याचा हातमोजा फाटला होता. कधीपासून फाटलेला होता, ते माहीत नव्हतं.

फोनवर तिनं याबद्दल जे जे सापडलं ते वाचलं होतं. मैना दीड वर्षाची झाल्यावर तर रोज. वाचून झालं की काय शोधलं ते पुसून टाकायची.

अकरावा प्रश्न तोच होता. *गरोदरपणात औषधे, रसायने किंवा किरणे यांच्याशी संपर्क आला होता का?* होय, नाही, आणि पुढे एक लांब मोकळी ओळ.

*

बरोबर चार वाजता फोन आला. हर्षाली गॅलरीत गेली. दार लोटलं तर मैनानं रडं काढलं, म्हणून पुन्हा उघडं ठेवलं. आत कमळाबाई मेथी निवडत होत्या. बाहेर जीवनचे दोन शर्ट वाळत होते. त्यांच्यामधून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी दिसत होती.

"हर्षाली, बरी आहेस ना? मुलगी कशी आहे?"

"थोडा ताप आहे, मॅडम."

"मग दोन मिनिटांत सोडते तुला. निकितानं पाठवलेलं पान बघितलंस?"

"बघितलं."

"खुणा तुझ्याच?"

"माझ्याच."

"झालं तर मग. मला माहीतच होतं, पण पेपर पाठवायचा म्हणजे विचारावं लागतं. आणि ऐक, घरून करायचं ते आकडे तपासायचं काम, दोन वर्षांचं मंजूर होईल असं दिसतंय. मुलीला बघून करता येईल तुला. मी तुझंच नाव..."

"मॅडम, कार्बन चढलाय, पण अल्कलिनिटी जागची हलली नाहीये."

"तेच तर मजेशीर आहे ना."

"आणि खोल पाण्यात काहीच नाही. वरच्या शंभर मीटरमध्येच आहे. जिथं जीव जास्त असतात तिथं."

केरकर मॅडम तीस वर्षं समुद्रावर जात होत्या. त्यांना पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती. पण त्या थांबल्या. ते हर्षालीनंच म्हणायला हवं होतं.

"एकोणीसपासून पुढे मी विष घातलं नाही."

शर्टाची बाही वाऱ्यानं तिच्या हाताला लागली.

"विसरलीस?"

किती सोपा शब्द होता. मॅडमनी तो पाट मांडावा तसा तिच्यासमोर मांडला होता, नुसतं बसायचं होतं. माणूस विसरतो. उन्हात, डुलत्या जहाजावर, अठरा-अठरा तासांच्या कामात कोणीही विसरेल. विसरलेल्या माणसाला एखादे वेळी पुन्हा कामही मिळतं.

"नाही," ती म्हणाली.

"संपलं होतं?"

"नाही. होतं."

"आणि वहीत खुणा केल्यास?"

"केल्या."

आता मॅडमच्या आवाजातली माया गेली. राग आला असंही नाही. लॅबमध्ये दार लावून घेताना जसा आवाज व्हायचा, तसं काहीतरी झालं. "त्या तीसच्या आकड्यावर आम्ही जहाजाचा मार्ग आखला, हर्षाली. त्या पोरीनं सात महिने घातलेत त्यात."

"हो, मॅडम."

मग मॅडमनी विचारलं, "मुलगी कधीची तुझी?"

"चौदा डिसेंबर."

नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर... पलीकडचं उलटं मोजणं हर्षालीला जणू ऐकू येत होतं.

"आपण एप्रिलमध्ये..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा हळू बोलल्या. "पहिली अठरा? त्यांत घातलंस?"

"घातलं. प्रत्येकात."

"नक्की?"

"नक्की, मॅडम. दोनशे सोळा."

"म्हणजे ती बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या. एक सुटलेला श्वास फोनमधून ऐकू आला. अठरा स्टेशनं वाचली होती. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "हातमोजे होते ना तुला?"

"होते."

डाव्या अंगठ्याचं ती बोलली नाही. आकड्यांना त्याचा उपयोग नव्हता.

"लेखी पाठव. आज. कसं लिहायचं तुला माहीत आहे. निकिताला मी सांगते." मग जरा वेळानं, "त्या कामाचं मी आत्ता काही बोलत नाही."

"हो."

"ताप किती आहे?"

"शंभर पॉइंट दोन."

"मोजत राहा," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

*

लॅपटॉप उघडून तिनं निकितानं पाठवलेली आकड्यांची फाईल काढली. प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याची प्रत सांगणारा एक छोटा आकडा असतो. दोन म्हणजे चांगला, तीन म्हणजे शंका, चार म्हणजे वाईट. एकशे बत्तीस ओळी होत्या. एकदम निवडून एका फटक्यात बदलता आल्या असत्या. तिनं एकेक बदलली. दोनच्या जागी चार, दोनच्या जागी चार. मग वहीच्या पानावर, त्या फोटोवरच, अकरा खुणांवरून एक सरळ रेघ ओढली. खुणा रेघेखाली स्पष्ट दिसत होत्या. बाजूला लिहिलं: *विष घातलेलं नाही. खूण खोटी. ह. जी. शिंदे.* तारीख टाकली. पाठवलं.

पाठवल्याचा तो बारीक आवाज झाला आणि घरात काहीच बदललं नाही. पंखा फिरत होता. मैना आजीच्या मांडीला टेकून मेथीच्या काड्या वाटीत टाकत होती आणि बाहेर काढत होती. हर्षालीला वाटलं, हलकं वाटायला हवं होतं. सिनेमात वाटतं. तिला नुसती भूक लागल्यासारखं झालं, आणि सकाळपासून आपण जेवलोच नाही हे आठवलं.

"विष म्हनत व्हतीस," कमळाबाई म्हणाल्या. मान वर केली नव्हती.

हर्षालीनं लॅपटॉप मिटला. "जहाजावर घालायचं असतं, आई. पाण्यात. नमुना नासू नये म्हणून."

"मैना पोटात व्हती तवा?"

त्यांनीही मोजलं होतं तर. इथं दोन खोल्यांच्या घरात उघड्या दारातून सगळं ऐकू येतं.

"हो," हर्षाली म्हणाली. "मला कळलं नव्हतं आधी. कळलं त्या दिवसापासून हात लावला नाही."

आता येईल ते ऐकायला ती पाठ ताठ करून बसली. पोरीची जीभ खाल्लीस म्हणतील. जीवनला फोन लावतील. थोरल्या जाऊबाईंना मळ्यावर कळेल, तिथून मखमलाबादभर. ती स्वतःला रोज जे म्हणत होती त्याहून वाईट कोणी काय म्हणणार होतं? पण दुसऱ्याच्या तोंडून ते कसं ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं.

कमळाबाईंनी एक काडी घेतली, पानं ओरबाडली, देठ बाजूला टाकला. दुसरी घेतली. अख्खी जुडी संपली.

"तो कागद आन," त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"डाक्टरचा. त्यातलं वाच, ते घरातल्या मानसांचं हाय बघ."

हर्षालीनं फ्रिजवरून कागद घेतला. "सातवा प्रश्न. घरात कोणी उशिरा बोलायला लागले होते का?" उत्तर तिच्याच अक्षरात होतं. चार दिवसांपूर्वी कमळाबाईंनी ते ठणकावून सांगितलं होतं, छे, आमच्यात सगळे चुरूचुरू बोलनारे, आणि तिनं लिहून घेतलं होतं. "नाही."

"जीवन तीन वरसांचा झाला तवा बोलला."

हर्षालीनं कागद मांडीवर ठेवला.

"तीन पुरी. मळ्यात समद्यांनी मुका ठरवला व्हता त्याला. तुझे सासरे त्याला पंगतीला न्यायचे नाय, लोक इचारत्यात म्हनून. आन् मग एक दिस बैल सुटला तर वरडला, 'आई, ढवळ्या!' तवापासनं तोंड मिटलंय का त्याचं?"

"मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"कोन सांगतंय पोराचं असलं? लगीन व्हायचं व्हतं त्याचं. लगीन झालं तर म्हनलं, आता कशाला."

मैना वाटी उपडी करून तिच्यावर हात आपटत होती. कमळाबाईंनी तिच्या केसांतलं मेथीचं पान काढलं. त्यांची बोटं हिरवी झाली होती.

"फवारा मारायचे मी," त्या म्हणाल्या. "गुलाबावर. पाठीला पंप, तोंडाला पदर. सातव्या महिन्यापतुर. गडी लावायला कुठलं? औषदाचा वास असा बसायचा अंगाला, दोनदा न्हालं तरी जायचा नाय. तीन वरसं मला वाटायचं, त्या पंपातलंच उतरलं त्याच्या जिभेवर." थांबल्या. "त्याच्या बापाला कधी बोलले नाय. कुनालाच नाय."

जीवनचं मोकळं हसणं तिला आठवलं. माझी पोरगी आहे, एकदा सुरू झाली की थांबणार नाही. त्याला माहीत तरी होतं का?

"त्याच्यावरनं तुझ्या पोरीचं काय कळतंय, ते डाक्टर बघंल," कमळाबाई म्हणाल्या. "पन खोटं नको जायला तिथं. ते 'नाय' खोड."

हर्षालीनं पेन घेतलं आणि 'नाही'वर एक रेघ ओढली.

"नीट खोड की. दिसतंय अजून."

"दिसलंच पाहिजे, आई."

"ही कसली तऱ्हा?"

"आमच्याकडं असंच करतात." तिनं बाजूला लिहिलं: *हो. वडील. तीन वर्षांचे असताना.* तारीख घातली आणि पेन पुढे केलं. "इथं तुमची सही."

"माझी?"

"तुम्ही सांगितलंत ना. ज्यानं सांगितलं त्याची सही."

कमळाबाईंनी हात पदराला पुसले, तरी अंगठा हिरवाच राहिला. कागद मांडीवर घेऊन त्यांनी एकेक अक्षर काढलं. *क, म, ळा.* ळा वाकडा झाला. त्यांनी जीभ चावली, पण तो तसाच ठेवला.

मग हर्षालीनं कागद परत घेतला आणि अकराव्या प्रश्नाशी आली. 'होय'वर खूण केली. लांब ओळीवर लिहिलं: *मर्क्युरिक क्लोराइड. सुमारे दोन आठवडे. अठरा स्टेशनं, २१६ वेळा. एकदा हातमोजा फाटला होता, डावा अंगठा.* स्टेशन म्हणजे काय, ते उद्या डॉक्टर विचारतील. जीवनही शेजारीच बसलेला असेल. तोही विचारेल. तिनं सही केली.

मैना उठून उभी राहिली आणि झाकणांकडे गेली.

"काय लिव्हलंस?" कमळाबाईंनी विचारलं.

हर्षालीनं सगळं वाचून दाखवलं, अंगठ्यासकट.

त्यांनी कागद जवळ ओढून बघितला. न वाचता येणाऱ्या पत्राकडे बघावं तसं.

"आन् माझ्या फवाऱ्याचं कुठं लिव्हायचं?" त्यांनी विचारलं. "त्याला जागा हाय का त्यात?"

हर्षालीनं कागद खालपर्यंत पाहिला. चौदा प्रश्न, आणि खाली डॉक्टरांचा शिक्का. तिनं तो उलटला. मागची बाजू सबंध कोरी होती. तिनं तो चटईवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्याजवळ सरकून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "किती महिने?"